घाईत थंड केलेला सोरा

सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये, मीठ मिसळलं की चाळण, सूप, चिमटा कशाचाच उपयोग नसतो. दोन्ही पांढरे, दोन्ही बारीक. वेगळे करायचे तर पाण्याचीच मदत घ्यावी लागते. गरम पाण्यात सोरा भसाभसा विरघळतो. पाणी गार होऊ लागलं की त्याला त्यात जागा पुरत नाही आणि तो खडे होऊन तळाशी बसतो. मीठ मात्र निगरगट्ट. पाणी उकळतं असो की गारढोण, ते आपलं जवळजवळ तेवढंच विरघळणार. म्हणून दोन्ही गरम पाण्यात विरघळवायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचे. सोरा खाली येतो, मीठ पाण्यात राहतं. हे मी बीएस्सीला शिकले होते, त्याचा आलेख काढून चांगले गुणही मिळवले होते. त्यातला 'सावकाश' मात्र मी कॉलेजात शिकले नाही. तो मला एका माणसाने शिकवला, आणि त्याचं मी काय केलं हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. घर रहाटणीत, वडील पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. चाकणला एका छोट्या कंपनीत मी केमिस्ट म्हणून लागले तेव्हा वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. सकाळी काळेवाडी फाट्यावरून कंपनीची बस असायची. मोशीच्या पुढे ती ट्रॅफिकमध्ये अडकली की अर्धी बस झोपायची आणि अर्धी मोबाइलवर असायची. मी मात्र ताठ बसून असायचे. गळ्यात आयकार्ड, पर्समध्ये पांढरा कोट. अंगापेक्षा बोंगा मोठा, दुसरं काय.

आमच्या कंपनीचं काम असं होतं. गाड्यांचे लोखंडी भाग कडक करणारे कारखाने ते भाग आधी वितळलेल्या मिठात तापवतात आणि मग वितळलेल्या सोऱ्यात बुडवतात. पहिल्या भट्टीतलं थोडं थोडं मीठ भागांना चिकटून सोऱ्यात येत राहतं. काही महिन्यांत सोरा बिघडतो, आणि अशा सोऱ्यातून निघालेल्या भागांवर गंजाचे ठिपके उठतात. तो बिघडलेला सोरा पिंपांत भरून आमच्याकडे यायचा आणि आम्ही तो स्वच्छ करून परत पाठवायचो. तो विरघळवून थंड करायचं काम खाली प्लांटमध्ये चालायचं. मी वर लॅबमध्ये बसून शेवटची तपासणी करायचे. सोऱ्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झालं तर मीठ आहे, नितळ राहिलं तर माल पास.

खाली काम बघणाऱ्याला सगळे मामा म्हणायचे, मीसुद्धा. पन्नाशीचा माणूस, धाराशिवकडचा, शिक्षण सातवीपर्यंत. अकरा वर्षं ठेकेदाराकडून कामाला. म्हणजे काम कंपनीचं, कपडे कंपनीचे, पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत. त्या वर्षी पहिल्यांदाच कंपनी ठेक्यावरची दोन माणसं कायम करणार होती आणि त्यात मामांचं नाव आहे, असं सगळे धरून चालले होते. मामा स्वतः त्याबद्दल बोलायचे नाहीत. फक्त एकदा मला म्हणाले होते, "कायम झालो की मंडळीला तालुक्याच्या न्हाई, चांगल्या दवाखान्यात दाखवीन. कंपनीचं कार्ड मिळतंय नव्हं."

पहिल्या महिन्यात मी त्यांना शिकवायला गेले होते. वही घेऊन, आलेखासकट. त्यांनी तो आलेख उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बराबर हाय. आता हिकडं या." मग त्यांनी मला त्यांची कढई दाखवली. कढई म्हणजे पाच फूट उंचीची स्टीलची टाकी, पण तिथे सगळे तिला कढईच म्हणत. सोरा पूर्ण विरघळला की मामा वाफ बंद करायचे, वरून जाड पोती टाकायचे आणि तिला हात लावू द्यायचे नाहीत. पाणी जरा निवलं की गेल्या वेळच्या चांगल्या खड्यांमधली चिमूटभर वरून सोडायचे. त्याला ते विरजण म्हणायचे. कॉलेजात ह्याला मोठं नाव होतं, पण कधी, किती आणि पाणी कितपत निवल्यावर, हे कॉलेजला ठाऊक नव्हतं. मामा टाकीच्या अंगाला पालथा हात लावून ठरवायचे.

मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट पाहायची. सकाळी पोती काढली की आत बोटाएवढे, काचेसारखे लांब खडे. ते बघताना मामांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मी नंतर फक्त लेकीचं पहिलं पाऊल बघणाऱ्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिलं. वरचं खारट पाणी काढून टाकायचं, खडे गाळणीवर घ्यायचे आणि बर्फासारख्या पाण्याने धुवायचे. तेही एकदम नाही. थोडं पाणी, निथळू द्यायचं, पुन्हा थोडं, पुन्हा निथळू द्यायचं.

"घाई केली तर काय होतं?" मी विचारलं होतं.

"घाईत सोरा बारीक पडतोय, रव्यावानी," ते म्हणाले. "मंग दान्यादान्यात खारं पानी आडकून बसतं. वरनं कितीबी धुवा, आतलं जात न्हाई."

मी हे वहीत लिहून घेतलं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोयच मी ठेवलेली नाही.

आता त्या बुधवारचं. एका ग्राहकाची भट्टी बंद पडायच्या बेतात होती, त्याला माल त्याच दिवशी संध्याकाळी हवा होता. प्लांटचे साहेब सकाळीच पुण्याला मीटिंगला गेले. जाताना मला म्हणाले, "आजची गाडी चुकता कामा नये, तू बघ." तू बघ, या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात हवा गेली. त्यातच दहा वाजता ग्राहकाचे दोन लोक प्लांट बघायला आले. मी त्यांना इंग्रजीत सगळं समजावत होते आणि कढईचं तापमान सांगताना चुकले. बाजूला उभे असलेले मामा सहज म्हणाले, "न्हाई मॅडम, आजून लई गरम हाय ते." पाहुणे हसले. माझ्याकडे बघून नाही, असंच हसले. पण माझ्या कानाची पाळी तापली ती तापलीच.

दुपारी दोनला मी खाली गेले आणि मामांना चिलर लावायला सांगितलं. चिलर म्हणजे टाकीभोवती गार पाणी फिरवणारं यंत्र. ते लावलं की जे काम रात्रभर चालतं ते दोन तासांत उरकतं.

मामा म्हणाले, "आजची रात जाऊ द्या मॅडम. सकाळी सातला माल तयार असतोय. म्या सवता गाडी भरून देतो."

"मामा, मी विचारत नाहीये, सांगतेय."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिथे आणखी चार माणसं होती. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बटण दाबलं. मग नियमाप्रमाणे बॅच शीटवर लिहिलं, चिलर चालू, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, आणि खाली स्वतःची सही केली. आमच्याकडची पद्धतच तशी होती. जो बटण दाबतो तो सही करतो. दाबायला कुणी सांगितलं, यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

साडेचारला माल तयार झाला. खडे नव्हतेच, ओल्या रव्यासारखा गोळा होता. मामांनी जमेल तेवढा धुतला. मी गाळणीच्या वरच्या थरातून चमचाभर नमुना घेतला, कारण तो हाताशी होता आणि धुण्याचं सगळं पाणी आधी त्याच्यावरूनच गेलं होतं. दोन थेंब टाकले. पाणी नितळ. मी पासची सही केली आणि साडेपाचला गाडी सुटली. तळातला नमुना घ्यायला हवा, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं, इतकंच.

पुढच्या मंगळवारी तक्रार आली. भागांवर ठिपके. ग्राहकाने फोटो पाठवले होते, तपकिरी टाचण्या टोचल्यासारखे. सगळा लॉट परत येत होता. साहेबांनी मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बॅच शीट होती.

"चिलर दोन वाजता?" साहेब म्हणाले. "हे कसं झालं?"

मी बोलले. आजही प्रत्येक शब्द पाठ आहे. मी म्हणाले, "सर, शीटवर चिलर दोन दहाला लावल्याची नोंद आहे. फायनल टेस्ट मी घेतली होती, ती पास होती." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव सहीत होतंच.

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्याला बोलायला जागा करून द्यावी तशी ती नजर थोडा वेळ थांबली. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"व्हय," मामा म्हणाले. "बटन म्याच दाबलं."

मी लॅबमध्ये परत आले, दार लावलं आणि कामाला लागले. एक काचेची नळी हातातून सुटून फुटली. स्वतःला मी काय काय सांगितलं! उद्या सांगू. साहेबांचा राग जरा उतरू दे. मामांसारख्या माणसाला कंपनी थोडीच सोडणार? माझी तर नोकरी नवी, प्रोबेशनचे सहा महिने अजून व्हायचेत, घरी पेढे वाटलेले. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मी खरोखर केबिनच्या दारापर्यंत गेले, आत दुसरं कुणी होतं म्हणून परतले. मला बरंच वाटलं, हेही लिहून टाकते. सोमवारी सकाळी कढईपाशी दुसराच माणूस होता. मामांचा गेटपास शनिवारीच जमा झाला होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांच्या जागी आणखी कुणाचं तरी नाव लागलं.

परत आलेला लॉट मी स्वतः शुद्ध केला. पुन्हा गरम पाण्यात विरघळवला, पोती टाकली, रात्रभर वाट पाहिली. सकाळी लांब, नितळ खडे पडले होते. वरून, मधून, तळातून, तिन्ही ठिकाणचे नमुने घेतले, तिन्ही पास. साहेब म्हणाले, "गुड." मला तिथेच रडू आलं आणि वाफेमुळे डोळे चुरचुरतात असं मी सांगितलं. त्या मालाची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आली. तीच चूक अंगावर घेऊन जो गेला त्याच्यासाठी मी काहीच केलं नाही.

नऊ वर्षं झाली. साहेब कंपनी सोडून गेले. मी आता लॅबची प्रमुख आहे, घर पिंपळे सौदागरला आहे, सातव्या मजल्यावर. नवीन येणाऱ्यांना मी कढई दाखवते, विरजण दाखवते, तळाचा नमुना घ्यायला लावते. हे सगळं कुठून शिकलात असं कुणी विचारलं तर "अनुभवाने" म्हणते. कुणाचा अनुभव, ते गुलदस्त्यात.

गेल्या महिन्यात एक नवीन केमिस्ट मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला लागून चार महिनेही झाले नसतील. म्हणाली, "मॅडम, काल चिलर मी लवकर लावायला लावला. ऑपरेटर नको म्हणत होता. माल थांबवा." बस्स. एवढंच बोलायला तिला काही सेकंद लागले. मी माल थांबवला आणि तिला शाबासकी दिली. नऊ वर्षांत मी या वाक्याचा डोंगर करून ठेवला होता आणि ती पोर ते येता-जाता बोलून गेली.

त्या रविवारी मी ठेकेदाराच्या जुन्या मुकादमाकडून पत्ता काढला आणि देहूरोडला गेले. लष्कराच्या भिंतीच्या मागे दोन खोल्यांचं घर. दार मामींनी उघडलं. मी ओळख सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "या की, बसा. चाकनच्या व्हय तुमी?" आणि आत वळून हाक दिली.

मामा भिंतीला धरून बाहेर आले. कंपनी सुटल्यावर सोऱ्याचं काम त्यांना कुठेच मिळालं नाही. एका गोदामात खोकी चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं, चार वर्षांत कंबर गेली. हे मामींनी सांगितलं, चहा ठेवता ठेवता, कुणाबद्दलही तक्रार नसल्यासारखं. त्यांना स्वतःलाही धाप लागत होती. मी दवाखान्याचं विचारलं नाही, माझ्याच्याने विचारवलं नाही.

मी चहाला हात लावायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. तापमान सांगताना चुकले म्हणून राग आला होता, तेही. वरचाच नमुना घेतला, तेही. "चिलर मी लावायला लावला होता मामा, आणि मी गप्प बसले. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. मला माफ करा म्हणायलाही लाज वाटते." मामींनी ओट्यापाशी गॅस बारीक केला आणि तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत नवऱ्याने त्यांनाही हे सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

मामांनी चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "साहेबाला ठावं व्हतं, मॅडम."

"काय ठाऊक होतं?"

"तुमी केबिनमधनं गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हनले, मामा, अकरा वर्सांत तुमी एकदाबी चिलर लवकर लावला न्हाई. कुनी सांगितलं, नाव घ्या. म्या म्हनलो, म्या न्हाई घेनार. कागदावर सही माजी. म्या नाव घेतलं आन् त्या मानसानं न्हाई म्हनलं, तर खोटा म्याच पडनार. पर म्या म्हनलो, साहेब, शनिवारपतूर थांबा. ज्यानं सांगितलं त्यो आपनहून येऊन सांगंल. चांगल्या घरचं लेकरू हाय."

मी विचारलं, "मग मला एकदा तरी म्हणायचं होतं ना मामा? रोज समोर होते मी."

"म्या म्हनल्यावर तुमी सांगितलं असतं, तर त्यात तुमचं काय ऱ्हायलं असतं?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अजूनही राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. "साहेब बी थांबले. शनिवारी साडेचारला आमी दोघं केबिनमधी बसलो व्हतो, काम सोडल्याचा कागद म्होरं ठेवून. तुमी खाली आला. म्या म्हनलो, बगा, आली. तुमी काचेतनं साहेबाला हात केला आन् बसमधी चढला."

त्यांनी कपातला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"मंग म्या सही केली."